भाड्याच्या महिन्यांत मोजा: जुनं घर घेऊन, दुरुस्त करून भाड्याने देताना

भाड्याने द्यायला म्हणून पहिलं घर घेतलं तेव्हा दुरुस्तीचा निम्मा पैसा मी स्वयंपाकघरात घातला. ओटा बदलला, कपाटं बदलली, वर छान दिवे लावले. बाथरूमवरून नुसता हात फिरवला, कारण फरशी दिसायला बरी होती. भाडेकरू राहायला येऊन दोन महिने होतात न होतात तोच खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि त्यांनी त्यांच्या छताचा फोटो दाखवला. मग फरशी उखडणं, वॉटरप्रूफिंग, खालच्यांचा रंग आणि काम चालू असताना भाडेकरूला सोडलेलं भाडं, असं सगळं मिळून साडेचार महिन्यांचं भाडं गेलं. स्वयंपाकघराचं कौतुक सगळेच करत होते. त्यापायी भाडं मात्र एका छदामानेही वाढलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी या धंद्यात पैसे मोजत नाही, भाडी मोजते. एक भाडं म्हणजे त्या घराचं एका महिन्याचं भाडं. किंमत असो, दलाली असो, नळ बदलण्याचा खर्च असो, प्रत्येक आकड्याला मी आधी महिन्याच्या भाड्याने भागते. 'बाथरूमला साडेचार भाडी लागली' असं म्हटलं की ते काम किती महाग होतं हे चटकन कळतं. पुढचं सगळं याच मापात सांगते.

आधी हिशोब, मग घर बघणं

भाडं किती धरायचं? तुमच्या मनातलं नव्हे, तर त्याच भागात तसल्याच घराला आज प्रत्यक्ष मिळतंय ते. जाहिरातीतला आकडा मागितलेला असतो, मिळालेला नसतो. भाड्याचे व्यवहार करणाऱ्या दोनतीन दलालांना गेल्या सहा महिन्यांत कोणतं घर कितीला गेलं ते विचारा. तीच जाहिरात दोन महिने झळकत असेल तर तो आकडा बाजाराने नाकारलेला आहे असं समजा.

आता किंमतीला या भाड्याने भागा. २०० भाड्यांचं घर म्हणजे वर्षाला ६ टक्के, २४० भाड्यांचं ५ टक्के, ३०० भाड्यांचं ४ आणि ४०० भाड्यांचं ३ टक्के. हे सगळं ढोबळ उत्पन्न, खर्च वजा न करता. इंटरनेटवर '१ टक्क्याचा नियम' फार फिरतो. महिन्याचं भाडं किंमतीच्या १ टक्का हवं, म्हणजेच १०० भाड्यांत घर मिळालं पाहिजे, असा त्याचा अर्थ. घरं स्वस्त आणि भाडी चढी असतील तिथे तो चालतो. मोठ्या शहरात तसलं घर शोधत बसलात तर केस पिकतील. आणि मिळालंच, तर ते इतकं स्वस्त का, याचं उत्तर आधी शोधा.

वर्षाची १२ भाडी पूर्ण हातात पडत नाहीत. मी नव्या माणसाला असं धरायला सांगते: घर रिकामं राहण्यात १ भाडं, कर, विमा आणि इमारतीची वर्गणी यांत दीड, किरकोळ दुरुस्तीत १ आणि मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचं १. साडेचार गेली, साडेसात उरली. घराची देखरेख पगारी माणसाकडे दिलीत तर अजून एखादं जाईल. तुमच्या भागात कर जास्त असेल, वर्गणी कमी असेल. आकडे बदला, पण रकाना रिकामा ठेवू नका.

नवखी माणसं हमखास खोडतात तो रकाना मोठ्या दुरुस्तीचा. पहिली तीन वर्षं काहीच बिघडत नाही, म्हणून तो पैसा नफाच वाटतो. पण पाणी तापवायचं यंत्र, पाइप, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, सगळ्यांचं आयुष्य मोजकं असतं. एखादी गोष्ट ३ भाड्यांची आणि १० वर्षं टिकणारी असेल तर ती दर वर्षी भाड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा खातेच आहे, तुम्ही आज खिशात हात घाला की न घाला.

आता २४० भाड्यांचं घर धरू. नोंदणी, दलाली, वकील यांत ७ टक्के गेले तर ती साधारण १७ भाडी. दुरुस्तीला १५. एकूण २७२ भाडी गुंतली आणि वर्षाला हातात साडेसात. म्हणजे ५ टक्के वाटणारं घर प्रत्यक्षात पावणेतीन टक्के देतं. 'पण घराची किंमत वाढेल ना!' वाढेलही. ती वाढ मी हिशोबात धरत नाही. आली तर बोनस.

कर्ज किती पेलेल, हे घरालाच विचारा

बँक किती देते यावर कर्ज ठरवू नका. बँक तुमचा पगार बघते, आपल्याला घराचं भाडं बघायचंय. ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत असेल तर दर १०० मागे महिन्याचा हप्ता ०.९० पडतो. वरच्या उदाहरणातल्या घरावर तीन चतुर्थांश, म्हणजे १८० भाड्यांचं कर्ज काढलंत तर हप्ता महिन्याला १.६२ भाडी. खर्च वजा जाता घराकडून महिन्याला मिळतं ०.६२५ भाडं. उरलेलं एक भाडं दर महिन्याला तुमच्या पगारातून, आणि तेही २० वर्षं.

म्हणून उलटा हिशोब करा. ०.६२५ भाग ०.००९ म्हणजे ६९. हे घर स्वतःच्या पायावर ६९ भाड्यांचंच कर्ज पेलतं. हप्त्याच्या सव्वापट उत्पन्न असावं असा सावध बेत धरला तर ५५. व्याज ५ टक्के आणि मुदत ३० वर्षं असेल तर तेच घर ११६ भाड्यांचं कर्ज ओढतं. घर तेच, भाडं तेच, फक्त व्याज आणि मुदत वेगळी. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या कुणी 'सगळं कर्जावर उभं केलं' असं सांगितलं की आधी त्याचा व्याजदर विचारायचा.

पगारातून भर घालून घर घेणं चूक आहे असं मी म्हणत नाही. पुष्कळ लोक तसंच करतात. पण मग ती बचत आहे, घराची कमाई नव्हे, आणि नोकरी गेली तरी हप्ता थांबत नाही. सहा महिन्यांचे हप्ते आणि एका मोठ्या दुरुस्तीचा पैसा वेगळा ठेवल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नका.

घर बघायला जाताना बादली न्या

टॉर्च, मोजपट्टी, काचेची गोटी, सॉकेट तपासायचा टेस्टर आणि बादली. दलाल हसतील. हसू द्या.

तीनदा जा. एकदा सकाळी, सगळ्या घरांतले नळ चालू असताना. एकदा रात्री, म्हणजे आवाज, दिवे आणि गाड्या लावण्यावरून होणारी भांडणं कळतात. आणि एकदा जोराचा पाऊस पडून गेल्यावर. त्यासाठी व्यवहार महिनाभर लांबला तरी चालेल.

आतल्या खोल्या बघण्याआधी इमारत बघा. गच्चीवर चढा, पाण्याची टाकी बघा, मागच्या बाजूने उतरणाऱ्या पाइपांचे सांधे बघा. खांबाच्या लांबीला धरून उभी चीर गेलेली असेल, काँक्रीटचे पापुद्रे सुटले असतील, तर आत सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. त्यावर सिमेंट लिंपून रंग मारलेला असतो तो विकण्यापुरता. सामाईक इमारतीत असं काही दिसलं तर तुमचं घर कितीही नीटनेटकं असो, पुढच्या काही वर्षांत मोठी वर्गणी येणार. इमारतीच्या निधीत किती शिल्लक आहे आणि किती घरांची थकबाकी आहे, हे विचारायला लाजू नका.

आत आल्यावर सगळ्यात आधी ओल. ओल चार वाटांनी येते आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा, म्हणून नुसतं 'भिंत ओली आहे' म्हणून भागत नाही. पाइप गळत असेल तर डाग एकाच जागी असतो आणि पाऊस असो वा नसो, तसाच राहतो. बाहेरच्या भिंतीतून पाझरत असेल तर पावसाबरोबर वाढतो. जमिनीतून चढणारी ओल तळमजल्यावर, साधारण मीटरभर उंचीपर्यंतच येते आणि वरच्या कडेला मिठासारखी पांढरी रेघ सोडते. चौथी ओल बाहेरून येतच नाही. स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ थंड भिंतीवर जमते, आणि कोपऱ्यांत, कपाटामागे काळी बुरशी धरते. शेवटच्या दोन्हींत गोंधळ झाला तर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दिसले तर ओल भिंतीत आहे, बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या वाफेची आहे. वाफेची असेल तर एका एक्झॉस्ट फॅनने काम होतं. भिंतीची असेल तर किती भाडी जातील ते आधी मिस्त्रीला विचारा.

एकाच भिंतीला ताजा रंग, एकाच खोलीत नवं खोटं छत, जागचं न हलणारं एक कपाट. विकणाऱ्याने काहीतरी झाकल्याच्या या खुणा. तिथेच थांबून बघायचं.

मग बादली. बाथरूमच्या फरशीवर, मोरीपासून लांबच्या कोपऱ्यात ओता आणि बघा. पाणी मोरीकडे धावायला हवं. दाराकडे आलं किंवा मध्येच तळं करून बसलं, तर उतार चुकलाय, आणि उतार नीट करायचा म्हणजे फरशी उखडणं आलं. खालच्या घराच्या लोकांना भेटून 'तुमच्या छताला कधी डाग आला होता का' असं विचारणं तर त्याहून सोपं. मी ते विचारलं असतं तर साडेचार भाडी वाचली असती.

दोन नळ उघडे ठेवून फ्लश ओढा. धार किती बारीक होते बघा. बेसिन भरून एकदम सोडा. पाणी गुडगुडत, थांबत जात असेल तर पाइप तुंबतोय किंवा त्याला हवा मिळत नाही. सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा आणि तासादोन तासांनी परत बघा. आकडा हलला असेल तर भिंतीत किंवा जमिनीखाली कुठेतरी गळती आहे.

एक गंमत सांगते. बंद घरात शिरल्याबरोबर गटाराचा वास आला की लोक माघारी फिरतात. बरेचदा कारण एवढंच असतं की मोरीच्या जाळीखालच्या वाकणात जे चार बोटं पाणी कायम असायला हवं ते महिनोन्‌महिने वापर नसल्याने आटलेलं असतं. त्या पाण्यानेच गटाराची हवा अडते. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता, खिडक्या उघडा, तासाभराने परत या. वास गेला असेल तर बाकीच्या गिऱ्हाइकांना त्या वासाने पळवून लावलं म्हणून त्याचे आभार माना. घाणेरडा रंग, तुटकी कपाटं, कुबट वास, यांना भ्यायचं नाही. यांच्यामुळे घर स्वस्तात मिळतं आणि ते दुरुस्त करायला फार पैसा लागत नाही. भ्यायचं ते जे बदलताच येत नाही त्याला: अंधार, बुटकं छत, रात्रभर वाहणारा रस्ता, दिवाळखोर इमारत.

भिंतीच्या भेगांचं एवढं लक्षात ठेवा. केसाएवढ्या बारीक भेगा प्लास्टर सुकताना पडतात, त्या सोडून द्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग दिसली, शेजारचं दार चौकटीत अडकत असलं आणि गोटी फरशीवर एकाच दिशेला घरंगळत असली, तर पाया खचत असू शकतो. ५ मिलिमीटरपेक्षा रुंद भेगेसमोर मी स्वतःचं डोकं चालवत नाही. स्ट्रक्चरल इंजिनीयरची फी देते. लाकडी चौकटी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आणि भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी.

विजेची पेटी उघडायला लावा. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारी कळ, वायरीला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. वीज शरीरातून जमिनीत जाऊ लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्याचं 'टेस्ट' बटण दाबून तो पडतो का बघा. जुन्या घरात तो नसतोच बहुधा, आणि बऱ्याच सॉकेटांना अर्थिंगही नसतं. टेस्टर लावला की कळतं. तसं असेल तर पूर्ण वायरिंगचा खर्च किंमतीतून मागा.

हे सगळं एका कागदावर, प्रत्येकापुढे किती भाडी लागतील ते लिहून, मिस्त्रीच्या लेखी अंदाजासह विकणाऱ्यापुढे ठेवा. 'जरा कमी करा' म्हणण्यापेक्षा हा कागद जास्त बोलतो. या धंद्यातला नफा घर घेताना होतो. नंतर आपण तो फक्त सांभाळतो.

कागदपत्रं

इथे थोडक्यात, कारण कायदा जागोजागी वेगळा आणि वकिलाला पर्याय नाही. वकील तुमचा हवा, दलालाने किंवा विकणाऱ्याने दिलेला नको. त्याच्याकडून मालकीची साखळी, घरावरचा बोजा, कराची आणि इमारतीची थकबाकी तपासून घ्या. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का ते बघा. गॅलरी बंद करून वाढवलेली खोली दिसायला फुकट मिळते, पण बँक ती मोजत नाही, आणि पाडायची नोटीस आली तर ती तुमच्याच नावावर येते. इमारतीच्या नियमांत घर भाड्याने देण्यावर बंधन आहे का, हे तर व्यवहाराआधी लेखी घ्या. आणि आत कुणी राहत असेल तर घर रिकामं करून ताब्यात देणार की भाडेकरूसकट, हे करारात स्पष्ट हवं. 'जातील हो ते' यावर पैसे देऊ नका.

काय करायचं, आणि काय करायचंच नाही

ताबा मिळाला की कामांचे तीन ढीग करा. पहिल्यात पाणी, वीज, छत, कुलपं, म्हणजे ज्यांच्यामुळे माणसाला इजा होईल किंवा घराला. ही कामं भाडं वाढो न वाढो, करायचीच. दुसऱ्यात रोजची झीज: नळ, दारांच्या बिजागऱ्या, तुटक्या फरश्या, रंग. तिसऱ्यात शोभा.

तिसऱ्या ढिगाला माझा एकच प्रश्न असतो: किती महिन्यांत वसूल? ६ भाड्यांचं स्वयंपाकघर केलं आणि भाडं ५ टक्क्यांनी वाढलं, तर वसूल व्हायला १२० महिने लागतात. दहा वर्षं. तोवर ते जुनं होऊन परत करायची वेळ येते. उलट मोठ्या दिवाणखान्यात नियमात बसणारी भिंत घालून उजेडाची आणखी एक खोली निघत असेल, खर्च ३ भाडी आणि भाडं १५ टक्क्यांनी वाढत असेल, तर २० महिन्यांत वसूल. मी २४ महिन्यांची रेघ मारलीय. त्यापलीकडचं काम स्वतःच्या राहत्या घरात करावं.

अंदाज आला की त्यावर १५ ते २० टक्के जास्त धरा. फार जुन्या घरात २५. भिंत फोडल्यावर आत काय निघेल हे कुणाच्या बापाला माहीत नसतं.

कामाचा क्रम

वरून खाली, बाहेरून आत, ओलं आधी आणि कोरडं नंतर. गच्ची आणि बाहेरच्या भेगा बंद झाल्याशिवाय आतल्या प्लास्टरला हात लावू नका. मग तोडफोड, मग भिंतीतले पाइप आणि वायरींचे नळे, मग वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, रंग आणि शेवटी नळ, पंखे, दिवे. फरशी घातल्यावर वायरमनला एक नळा आठवला की त्याच दिवशी तुमचा क्रम चुकल्याचं कळतं, आणि खर्चही.

तोडफोडीआधी जुन्या घरात दोन गोष्टी तपासून घ्या. एक, ॲस्बेस्टॉसचे पत्रे, पाइप, फरश्या. ते कापले, घासले, फोडले की त्याचे न दिसणारे तंतू फुप्फुसात जातात. ब्रिटनने त्यावर १९९९ साली पूर्ण बंदी घातली, पण त्याआधी बांधलेल्या घरांत ते अजून आहेत. दुसरं, शिसं असलेला जुना रंग. अमेरिकेत घरगुती वापरासाठी त्यावर १९७८ साली बंदी आली, इतर ठिकाणी बरीच नंतर. शंका असेल तर तो रंग कोरडा घासायचा नाही, आणि लहान मुलांना तर त्या घरात फिरकूही द्यायचं नाही. तपासणी स्वस्त असते, ती करून घ्या.

बाथरूमचं काम चालू असताना मी घर सोडत नाही. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर वीतभर तरी वर चढवायचा, शॉवरच्या बाजूला त्याहून पुष्कळ उंच, आणि मोरीच्या पाइपाभोवती सगळ्यात जास्त जपायचं, कारण गळती बहुतेक वेळा तिथून होते. थर सुकला की मोरी बंद करून पाणी भरा आणि २४ ते ४८ तास उभं ठेवा. खालच्या घरात जाऊन छत बघा. ही परीक्षा फरशी बसवण्याआधी. 'गरज नाही मॅडम, कंपनीचा माल आहे' असं सांगणारा मिस्त्री भेटेलच. पाणी भरायचंच. फरशीला मोरीकडे मीटरमागे १० ते २० मिलिमीटर उतार, आणि तो बादलीने पुन्हा तपासायचा.

वायरिंगला साधारण माप असं: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, सॉकेटांना अडीच, आणि गीझर किंवा एसीला स्वतंत्र चारची वायर, प्रत्येकाला आपला एमसीबी. पक्कं माप परवानाधारक वायरमन भार बघून ठरवेल. सॉकेट भरपूर द्या. कमी असले की भाडेकरू एक्स्टेंशनवर एक्स्टेंशन लावतो आणि आग तिथून लागते. नळे आणि पाइप बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावून. पाच वर्षांनी ड्रिल मारताना तो फोटो उपयोगी पडतो.

सिमेंटच्या प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचं आणि रंगाआधी शक्यतो चार आठवडे थांबायचं. घाईत ओल्या प्लास्टरवर रंग मारला की क्षारांनी तो फुगतो. तेवढं थांबण्यात एक भाडं जातं हे खरं. म्हणून प्लास्टर शक्य तितकं आधी उरका आणि त्या चार आठवड्यांत सुतार, खिडक्या, किरकोळ कामं बसवा.

रंग सगळ्या घरांना एकच, भिंतीला धुता येईल असा. छटेचा नंबर वहीत लिहा, डब्याच्या झाकणावर विसंबू नका. नळ, कुलपं, स्विच यांचंही तसंच: एकच बनावट, म्हणजे सुटे भाग एका खोक्यात मावतात. फरशीचं एक खोकं जास्तीचं घेऊन ठेवा, कारण त्याच नंबरची फरशीसुद्धा पुढच्या खेपेला थोडी वेगळ्या रंगाची येते. आणि काळा ओटा, काळी फरशी नको. पाण्याचा डाग न्‌ डाग दिसतो.

काम अंगावर द्यायचं की रोजावर?

मोजता येणारं काम अंगावर, म्हणजे ठरलेल्या दराने, द्या: रंग, फरशी, प्लास्टर चौरस फुटाने, वायरिंग पॉइंटने. फोडल्याशिवाय कळणार नाही असं काम रोजावर, पण मग रोज तिथे हजर राहायची तयारी हवी. तुम्ही नसाल तर रोजावरचं काम रबरासारखं ताणलं जातं.

तीन जणांकडून अंदाज घ्या, पण तिघांना एकच यादी देऊन. 'बाथरूम करून द्या' असं म्हटलं तर तिघं तीन वेगळी बाथरूमं मनात धरतात. यादीत मोजमाप, सामानाची बनावट, थर किती, मलबा कोण उचलणार, सगळं लिहा. सगळ्यात स्वस्त आकड्यात बहुधा काहीतरी गाळलेलं असतं. काय गाळलंय ते शोधून त्याला विचारा.

उचल थोडी द्या. पैसे तारखेला नव्हे, टप्प्याला: पाणी भरून परीक्षा झाली, एक हप्ता, फरशी बसली, एक हप्ता. ५ ते १० टक्के रक्कम काम संपल्यावरही महिनाभर राखून ठेवा आणि हे आधीच लेखी सांगा. एकदा मी एका कंत्राटदाराच्या आर्जवांना भुलून सगळे पैसे काम संपायच्या आधी दिले. पुढे तीन दारं चौकटीत घासत होती आणि त्याचा फोन लागत नव्हता. चांगला मिस्त्री मात्र भेटला तर त्याचे पैसे त्याच दिवशी द्या, घासाघीस करू नका. रात्री पाइप फुटल्यावर तोच येणार आहे.

भाडेकरू यायच्या आधी

भाडं ५ टक्के जास्त मिळावं म्हणून घर महिनाभर रिकामं ठेवलंत, तर ते एक भाडं भरून यायला २० महिने लागतात. आकडा लावून बघितल्यावर पुष्कळांचा हट्ट सुटतो. दोन आठवड्यांत एकही चौकशी नाही तर भाडं जास्त आहे. बघायला येतात आणि घेत नाहीत तर घरात काहीतरी खटकतंय. बहुतेकदा वास किंवा अंधार.

माणूस निवडताना भाडं त्याच्या मासिक उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतं का बघा. ओळख पटवा, करार लेखी करा, अनामत कायद्यात बसेल तेवढीच घ्या. आधीच्या घरमालकाला फोन करायचा असेल तर आत्ताच्या नव्हे, त्याच्याही आधीच्याला करा. आत्ताच्याला त्रासदायक भाडेकरू घालवायचा असेल तर तो तोंडभरून स्तुतीच करेल. जात, धर्म, एकटी बाई, यावरून माणसं गाळू नका. बऱ्याच ठिकाणी ते बेकायदाही आहे.

किल्ली देताना घरभर फिरून चित्रफीत काढा: भिंती, नळ, ओट्याखालची जागा, मीटरचे आकडे. भाडेकरूलाही पाठवा. मुख्य नळ आणि विजेची मुख्य कळ कुठे आहे हे त्याला हाताने दाखवा, आरसीसीबीचं बटण त्याच्याकडूनच एकदा दाबून घ्या. गळती दिसली तर त्याच दिवशी कळवायचं आणि दुरुस्तीचा खर्च माझा, हे मी करारातच लिहिते. खर्च आपल्या माथी येईल या भीतीने भाडेकरू गळती लपवतो, आणि लपलेली गळती कशी संपते ते मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

पहिल्या सहा महिन्यांची वही काटेकोर ठेवा. प्रत्येक खर्चापुढे तो भाड्याचा कितवा हिस्सा होता ते लिहा. दुसरं घर बघायला जाल तेव्हा वर्षाच्या खर्चाचा माझा साडेचार भाड्यांचा आकडा विसरा आणि त्या वहीतला तुमचा आकडा धरा.